आधी लय, मग पट्टी

जबलपूरजवळच्या भेडाघाटला दोन आवाज आहेत. धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी उभे राहिले की कोसळणाऱ्या नर्मदेचा अखंड घोष येतो. त्यात खर्ज आहे, तार सप्तक आहे, आणि सगळे एकदम असल्यामुळे सूर एकही नाही. मोबाइलवर तानपुरा लावून कानाशी धरला तरी सा हरवतो. मग पंचवटी घाटावर यावे, नावेत बसावे आणि संगमरवरी कड्यांमधल्या अरुंद वाटेत शिरावे. पाणी संथ, वारा अडलेला. नावाडी वल्ह्याच्या ठोक्यावर यमके जुळवत कड्यांची माहिती सांगत असतो. त्याच्या ओळीचे शेपूट कड्यावरून परत येते आणि पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसते. वल्ह्याची लय सांभाळली तर दोन्ही ओळी कळतात, नाहीतर नुसता गलका होतो.

एक आवाज संपण्याआधी दुसरा सुरू झाला तर काय होते, या प्रश्नावर डीजेचा सगळा धंदा उभा आहे. टेक्नोचा रीमिक्स सेटमध्ये लावताना तो बीपीएमने, म्हणजे लयीने जुळवावा की ‘की’ने, म्हणजे आपल्या गायकांच्या भाषेत पट्टीने? दोन्हीने म्हणावे, तर आधी कोणती? आणि सॉफ्टवेअर सांगते ती पट्टी खरी धरावी का? गेल्या पन्नास-साठ वर्षांत यंत्रे बदलली तशी या प्रश्नांची उत्तरेही बदलली. त्यांचा हा आढावा.

लयीचा हिशेब

दोन तबकड्यांची लय कानाने जुळवून नाच न थांबू देण्याची रीत रुजवणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ क्लबमधल्या फ्रान्सिस ग्रासोचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. काळ १९६९च्या आसपासचा. तेव्हाची गाणी हाडामांसाच्या ड्रमरने वाजवलेली होती, त्यामुळे लय हलायची आणि डीजेचा हात सतत तबकडीवर असायचा. पुढे ड्रम मशिन आले आणि लय घड्याळासारखी झाली. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी आकाराला आणलेल्या संगीताला १९८८च्या एका संकलनाने ‘टेक्नो’ हे नाव जगभर पोहोचवले, तेव्हा हे यंत्र त्याच्या पोटातच होते. आज टेक्नो मिनिटाला साधारण १२५ ते १४५ ठोक्यांमध्ये वाजतो. हाऊस त्याच्या थोडा खाली, गोवा ट्रान्स थोडा वर.

लय जुळणे म्हणजे किती जुळणे? समजा एक ट्रॅक १३० वर आहे आणि दुसरा १३०.२ वर. कागदावर हा फरक कोणी विचारात घेणार नाही. पण एका मिनिटात दुसरा ट्रॅक ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याने पुढे निघून जातो. १३० च्या लयीत एक ठोका ४६१ मिलिसेकंदांचा, म्हणजे दोन किक, खालच्या ढोलाचे ते ठोके, ९२ मिलिसेकंदांनी फाटल्या. इतका फरक ऐकायला संगीताचे शिक्षण लागत नाही. ‘धप्प’ ऐवजी ‘ध-धप्प’ ऐकू येते आणि नाचणाऱ्याचा पाय कुठल्या किकवर पडावा याचा घोळ होतो. टेक्नोमधले मिश्रण लांब असते. बत्तीस बार, म्हणजे १२८ ठोके, १३० च्या लयीत जवळपास एक मिनिट चालतात. तेवढा वेळ दोन ट्रॅक एकमेकांच्या अंगावर वाजणार असतील तर लयीत सवलत नाही. या मुद्द्यावर मतभेदही नाहीत.

मतभेद सुरू होतात ते लय बदलल्यावर पट्टीचे काय होते यावरून. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते आणि सूरही चढतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. १९७९मध्ये आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर-खाली करणारी सरकपट्टी होती आणि पुढची कित्येक वर्षे क्लबमध्ये तेच यंत्र प्रमाण मानले गेले. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला की सूर बरोबर एक अर्धस्वर चढतो. १२६ चा ट्रॅक १३३.५ वर नेला तर पांढरी एकचे गाणे काळी एकचे होते. हे एक वेळ परवडते, कारण ती निदान पेटीवर सापडणारी पट्टी आहे. खरी पंचाईत मधल्या बदलांची. १२८ चा ट्रॅक १३२ वर नेला की सूर साधारण अर्ध्या अर्धस्वराने चढतो आणि गाणे पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. शेजारच्या ट्रॅकशी ते कुठल्याच तक्त्याने जुळत नाही. विनाइलच्या काळातले डीजे पट्टीबद्दल फार बोलत नसत, त्याचे एक कारण हे. लय जुळवली की पट्टी हातातून सुटत असे.

ही गाठ संगणकाने सोडवली. आवाजाचा वेग बदलायचा आणि सूर तसाच ठेवायचा, या कल्पनेवर बेल लॅबमधल्या फ्लॅनेगन आणि गोल्डन यांनी १९६६मध्येच काम प्रसिद्ध केले होते. डीजेच्या टेबलावर ती ‘की लॉक’ किंवा ‘मास्टर टेम्पो’ नावाच्या बटणाच्या रूपाने आली. बटण दाबा, लय हलवा, पट्टी जागेवर. फुकट काहीच मिळत नाही, हेही खरे. वेग फार बदलला तर किकची धार बोथट होते आणि गाणाऱ्याच्या आवाजाला पत्र्याचा वास येतो. पण दोन-तीन टक्क्यांपर्यंत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लय आणि पट्टी वेगळ्या झाल्या, आणि ‘पट्टीने जुळवा’ हा सल्ला पाळण्याजोगा झाला.

पट्टीचे घड्याळ

त्या सल्ल्याला डीजेंच्या हातात बसेल असे रूप मार्क डेव्हिस यांच्या कॅमलॉट चक्राने दिले. पाश्चात्त्य संगीतातले पंचमांचे वर्तुळ जुने आहे. जर्मन संगीतज्ञ हाइनिखेन याच्या १७२८च्या ग्रंथात ते सापडते. डेव्हिस यांनी त्यावर घड्याळाचे आकडे बसवले. एक ते बारा घरे. मायनरला ‘ए’, मेजरला ‘बी’. नियम तीनच. त्याच घरात राहा, एक घर पुढे किंवा मागे सरका, किंवा त्याच आकड्याचे अक्षर बदला. २००६मध्ये ‘मिक्स्ड इन की’ हे सॉफ्टवेअर आले, ते प्रत्येक गाण्यापुढे असा आकडा लिहून देऊ लागले आणि स्वरलिपी न येणाऱ्यालाही पट्टी कळू लागली.

हे चक्र परक्या मुलखातून आले म्हणून आपल्याकडची मुले ते पाठ करतात. समजून घेणारी कमी. खरे तर घरात पेटी असलेल्या माणसाला ते नवे नाही. ८-ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर. एक घर पुढे, ९-ए, म्हणजे पांढरी तीन, हा पांढरी सहाचा पंचम. एक घर मागे, ७-ए, म्हणजे पांढरी दोन, हा तिचा मध्यम. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावावी की मध्यमात, एवढाच प्रश्न या दोन घरांमध्ये आहे. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम या आपल्या शास्त्रातल्या सर्वांत जवळच्या नात्यांवर चक्राचे दोन नियम उभे आहेत. शेजारच्या घरांत सातांपैकी सहा स्वर सामाईक असतात, म्हणून ते जुळतात.

तिसरा नियम, अक्षर बदलण्याचा, म्हणजे मूर्च्छना. ८-बी हा पांढरी एकचा मेजर, आपला बिलावल थाट. त्याच पट्ट्या दाबत धैवताला सा मानले की गंधार, धैवत, निषाद कोमल होतात आणि आसावरी थाट हाती येतो. तोच ८-ए. स्वर तेच, घर मात्र वेगळ्या मालकाचे. विष्णु नारायण भातखंडे यांची दहा थाटांची मांडणी ज्याने शाळेत घोकली आहे त्याला हे चक्र अर्ध्या तासात उलगडावे.

नियम मोडण्याचीही रीत आहे. सेटला एकदम उचल द्यायची असेल तर काही डीजे एका अर्धस्वराने वर उडी मारतात, म्हणजे चक्रात सात घरे पुढे. ८-ए वरून ३-ए. या दोन पट्ट्यांत सामाईक स्वर फक्त दोन. म्हणून इथे लांब मिश्रण चालत नाही. पहिला ट्रॅक तोडायचा, क्षणभर उसासा, आणि दुसऱ्याचा ड्रॉप, म्हणजे किक आणि बेस एकदम.

नियम मोडला तर नेमके काय बिघडते, ते बेसमध्ये ऐकावे. एका ट्रॅकचा बेस पांढरी सहावर, ५५ हर्ट्झला. दुसऱ्याचा काळी पाचवर, साधारण ५८.३ हर्ट्झला. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला सव्वातीन वेळा फुगतो आणि ओसरतो. तानपुऱ्याची जोडी थोडी उतरलेली असताना जी लाट ऐकू येते, तीच ही, फक्त दहा फूट उंच स्पीकरच्या भिंतीतून. १३० च्या लयीत किक सेकंदाला दोनदा पडते, ही लाट सव्वातीनदा. दोघींचा मेळ बसत नाही आणि छातीत भरलेली किक पोकळ लागते. पट्टीची चूक अशी लयीच्या अंगावर येते. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: एका वेळी एकाच ट्रॅकचा बेस. नव्याचा ‘लो’ नॉब वर, त्याच क्षणी जुन्याचा खाली. एवढे एक पथ्य पाळले तरी पट्टीच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

यंत्राचा कान

आता सॉफ्टवेअर सांगते त्या पट्टीवर किती विसंबावे? पट्टी ओळखणारी यंत्रे ढोबळमानाने एकच काम करतात. गाण्यात बारा स्वरांपैकी कोणता किती वेळ आणि किती जोरात वाजला याची बेरीज घ्यायची आणि मेजर-मायनरच्या ठरीव साच्यांशी ताडून पाहायची. मूळ साचे मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रुमहान्सल यांच्या ऐकण्याच्या प्रयोगांतून आले आणि ते पाश्चात्त्य अभिजात संगीताला धरून होते. टेक्नो त्या साच्यात नीट बसत नाही. त्यात कित्येकदा स्वरांची साखळीच नसते. किक, एक बेसचा स्वर, वर घासल्यासारखे आवाज. गंधार वाजतच नसेल तर मेजर की मायनर हे ठरवणार कसे? २०१५मध्ये संशोधकांनी ६०४ इलेक्ट्रॉनिक ट्रॅकचा ‘जायंटस्टेप्स’ हा संच याच चाचणीसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षी आंजेल फराल्दो आणि सहकाऱ्यांनी या संगीतासाठी वेगळे साचे सुचवले.

या क्षेत्रातल्या स्पर्धांची गुण देण्याची पद्धत मोठी बोलकी आहे. पट्टी अचूक सांगितली तर पूर्ण गुण. पंचमाने चुकली तर अर्धा. मेजर-मायनरची जोडी चुकली, स्वर तेच राहिले, तर ०.३. सा बरोबर पण मेजर-मायनर चुकले तर ०.२. म्हणजे डीजेच्या चक्रातली शेजारची घरे इथे ‘थोडीशी चूक’ धरली जातात. डीजेसाठी यातली पहिली सूट दुधारी आहे. दोन ट्रॅकच्या दोन आकड्यांत एकेक घराची चूक विरुद्ध बाजूंना झाली, तर पडद्यावर सारखे दिसणारे आकडे प्रत्यक्षात दोन घरे लांब असतात.

प्रत्यक्षात डीजे काय करतात यावर दक्षिण कोरियातल्या काइस्टमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये मोठे काम मांडले. १,५५७ मिक्स घेऊन त्यातले मूळ ट्रॅक त्यांनी यंत्राने जुळवून पाहिले. सुमारे ८६ टक्के ठिकाणी लय ५ टक्क्यांहून कमी बदललेली होती. पट्टी मुद्दाम सरकवल्याचे प्रमाण मात्र २.५ टक्के, आणि तेही बहुतेक एका अर्धस्वराने. यंत्राने पट्टी बदलण्याची सोय दिली, पण डीजेंनी तिला फारसा हात लावला नाही. ते ट्रॅक बदलतात, पट्टी बदलत नाहीत. त्याआधी २०१६मध्ये गेबहार्ट, डेव्हीज आणि सीबर यांनी पट्टीचे नावच बाजूला ठेवले होते. दोन ध्वनी एकत्र वाजल्यावर कानाला लागणारा खरखरीतपणा मोजायचा आणि तो कमीत कमी होईल असा सूर निवडायचा, ही त्यांची पद्धत. ती मला जास्त पटते, कारण नाचणाऱ्याला आकडा दिसत नाही, खरखर ऐकू येते.

मालकंसाचे घर कोणते?

आपल्या गाण्यांचे टेक्नो रीमिक्स करणाऱ्याला यापुढची अडचण येते आणि तिचे उत्तर कुठल्याही चक्रात नाही. पांढरी सहामध्ये मालकंस घ्या. सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद: पेटीवर पांढरी सहा, एक, दोन, चार आणि पाच. आता पांढरी चारला सा मानून भूप वाजवा. पट्ट्या त्याच पाच. पांढरी दोनला सा मानले तर धानी, तरीही त्याच पाच. भूपाच्या मूर्च्छनांचा हा खेळ शास्त्रीय संगीत शिकणाऱ्याला ठाऊक असतो. यंत्राला स्वरांची बेरीज दिसते, सा दिसत नाही. ते या मालकंसाला ७-बी किंवा ७-ए ठरवून मोकळे होऊ शकते. त्या आकड्यावर विसंबून शेजारी पांढरी चारच्या बेसचा ट्रॅक लावला तर मालकंसाच्या धैवतालाच सा केल्यासारखे होते. बेसूर होत नाही, पण मालकंस मरतो आणि त्याचा भूप होतो. मुद्दाम केले तर ती कल्पकता, नकळत झाले तर घोटाळा.

या बाबतीत आपल्याकडे एक जुना, थोर प्रयोग आहे. मुंबईचे चित्रपटवादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली सलग किक. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने डोळे विस्फारले, कारण पुढे अ‍ॅसिड हाऊस म्हणून गाजलेल्या आवाजाशी तिचे विलक्षण साम्य होते. चरणजित सिंग २०१५मध्ये गेले. त्या तबकडीतून शिकण्याजोगी गोष्ट अशी की कॉर्ड कुठेही बदलत नाही, सा हलत नाही. टेक्नोही तसाच एका सा वर तासन्‌तास उभा राहतो. म्हणून आपला राग आणि टेक्नो यांचे जमते; आठ कॉर्डांच्या चित्रपटगीताशी तितके जमत नाही.

लयीचीही अशीच देशी अडचण आहे. केरव्याच्या आठ मात्रा टेक्नोच्या चार ठोक्यांत सुखाने बसतात. दादऱ्याच्या अंगाने जाणारे कोळीगीत बसत नाही. त्याच्या सहा मात्रांना तीन-तीनमध्ये तोडून दोन किक द्याव्या लागतात, नाहीतर गाणे किकच्या मागे लंगडत धावते. शिवाय जुनी गाणी मेट्रोनोमशिवाय वाजवलेली. मुखडा एका लयीत, शेवटचा अंतरा त्याहून चढा. सॉफ्टवेअर सगळ्या गाण्याला एकच बीपीएम लिहून देते आणि तो आकडा गाण्यातल्या कुठल्याच ओळीचा नसतो. अशा गाण्याचे ठोके एकेक करून जागेवर बसवावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. अलीकडे क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’सारखी मराठी शब्दांची हाऊस गाणी आली. ती मुळातच यंत्राच्या लयीत रचलेली असल्यामुळे सेटमध्ये विनासायास बसतात. जुन्या गाण्याला ते भाग्य नाही.

गोव्याचा धडा

नियम यंत्राच्या पोटातून येतात, हे गोव्याने दाखवून दिले. हणजुणेच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत गोवा गिल आणि त्याच्या पिढीचे डीजे कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, वाजवत. डॅटचा वेग बदलता येत नसे, म्हणजे लय जुळवणेच अशक्य. त्यावर तोड संगीतकारांनी काढली. ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला, तरंगता भाग ठेवायचा. लय नाही तिथे लयीची टक्कर नाही. गोवा ट्रान्सची ती ओळखच झाली. मिसळण्याची अडचण संगीताच्या रूपात उतरली, आणि यंत्र बदलल्यावरही ते रूप मागे राहिले.

मिरवणुकीतल्या डीजेचे शास्त्र याहून निराळे. तिथे दोन गाणी मिनिटभर एकमेकांवर वाजत नाहीत. कट, एको, हॉर्न आणि पुढचे गाणे. पट्टीचा प्रश्न तिथे येतच नाही, डेसिबलचा येतो. जबलपूर ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांचा पहिलाच आदेश लाउडस्पीकर आणि डीजेच्या बेकायदा वापराविरुद्ध निघाला. सुरेल आवाज कमी त्रासदायक ठरतो असे कोणाला वाटत असेल, तर कायद्याच्या मीटरला सूर कळत नाही हे ध्यानात ठेवावे.

धबधबा कुठे, कडे कुठे

पुन्हा भेडाघाट. दोन न जुळणाऱ्या ट्रॅकच्या मध्ये डीजे जो ‘शूऽऽ’ असा चढता आवाज टाकतात, तो व्हाइट नॉइज म्हणजे खिशातला धुआंधार. त्याला पट्टी नाही, म्हणून तो कुठल्याही पट्टीला झाकतो. संध्याकाळभरात दोन-तीनदा तो शोभतो; दर गाण्याला वापरला तर ऐकणाऱ्याला कळते की डीजेकडे जोड्या नाहीत. आणि मोठ्या सभागृहात किंवा बंदिस्त अंगणात आवाज भिंतींवरून परत येत असेल, तर ती कड्यांमधली नाव समजावी. मागचा सूर तुम्ही बंद केल्यावरही काही क्षण शिल्लक राहतो. तिथे पट्टीला जास्त जपावे. उघड्या मैदानात तेवढी भीती नाही.

सगळा हिशेब मांडल्यावर माझा निकाल असा. लय अनिवार्य, तिथे सूट मागू नये. पट्टी महत्त्वाची, पण दोन सुरेल भाग किती वेळ एकत्र वाजणार त्या प्रमाणात. आठ सेकंदांच्या कटला तक्ता पाहण्याची गरज नाही, मिनिटभराच्या मिश्रणाला आहे. पट्टीतही आधी सा पाहावा, मेजर-मायनर नंतर, कारण टेक्नोचा सगळा डोलारा बेसच्या एका स्वरावर असतो. कॅमलॉट चक्र हजार गाण्यांतून वीस निवडून देते, तेवढ्यासाठी ते उत्तम. विसातले एक निवडण्याचे काम त्याच्यावर सोडू नये.

म्हणून होतकरू डीजेंना एकच विनंती. पुढच्या सेटआधी आपल्या रीमिक्सचा सा घरातल्या पेटीवर स्वतः शोधा. बेसचा स्वर ऐका, पट्टी दाबा, जुळेपर्यंत सरका. दोन मिनिटांचे काम आहे. मग सॉफ्टवेअरच्या आकड्याशेजारी आपल्या भाषेत ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे लिहून ठेवा. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर दुसरी खरी धरा.